नक्कोमावशी आणि माझे नऊ ‘हौ’

कुठल्याही गोष्टीला मावशींचं पहिलं उत्तर ‘नक्को’. चहा टाकू? नक्को. रिक्षा बोलावू? नक्को. मग चष्मा वर सरकवून, सावकाश, “बरं, कितीला म्हणतोय?” बरकतपुऱ्यातले भाजीवाले त्यांना नक्कोअम्मा म्हणत, मी नक्कोमावशी. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, जन्मानं हैदराबादी. त्यांच्या मराठीत दखनी अशी मिसळलेली, की शिवण कुठं आहे ते मला शिंपिणीलाही सापडू नये.

मी विट्याकडची. सातवीत शाळा सुटली. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवण्याच्या कामाला इथं हैदराबादला आला, त्याच्यामागं मी. मावशींच्या इमारतीत खाली एका खोलीत भाड्यानं राहायचो, मी ब्लाउज शिवायचे. परमुलखाची भीती अंगात अशी मुरलेली, की समोरचा काही बोलला की मान हलवायची आणि म्हणायचं ‘हौ’. इथं ‘हो’ला सगळेच ‘हौ’ म्हणतात. माझं ‘हौ’ म्हणजे ‘ऐकतेय’, एवढंच.

त्या ‘हौ’नंच घात केला. कुकटपल्लीच्या पलीकडं एक इमारत उठत होती, तिथं आम्ही सगळी बचत घालून छोटा फ्लॅट बुक केला. बिल्डरच्या ऑफिसात नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मला तळ्यात उतरल्यासारखं झालं. फरशीत माझंच प्रतिबिंब, छतातून मधासारखा उजेड पाझरतोय, पडदे वाऱ्याशिवाय हलतायत. टायवाला सेल्समन पुढं चालत बोलत होता, “ये लकडी जैसा फ्लोरिंग, अम्मा. ये ग्रॅनाइट. ये सागवानी दरवाजा.” मी झोपेत चालावं तशी मागून, “हौ... हौ...”

आठवड्यानं कागद आला. नऊ वाढीव कामं, सगळी मी ‘मान्य’ केलेली. रक्कम आमच्या कर्जात बसणारी नव्हती. भरली नाही तर बुकिंग रद्द. नवऱ्याला सांगायची छाती होईना. कागद घेऊन मावशींकडं गेले.

त्यांनी तो दोनदा वाचला. “असं का रडू लालीस? उद्या चल.”

मेट्रोत त्या खिडकीशी बसल्या. खाली उड्डाणपूल, काचेच्या इमारती सरकत होत्या. “हिथं सगळं भाताचं शेत होतं गं,” त्या म्हणाल्या, “बगळे असायचे.” आणि बाहेर असं बघत राहिल्या, जणू बगळे अजून तिथंच आहेत, फक्त मला दिसत नाहीत.

ऑफिसात सेल्समन हसून म्हणाला, “अम्मा खुद हौ बोले ना. एक बार नै, नौ बार.”

“हौ बोले मतलब सुन रै थे,” मावशी म्हणाल्या. “ले रै थे, ऐसा कब बोले? किधर है दस्तखत?”

सही नव्हती. तो पाणी मागवायला लागला.

“पानी नक्को. ये बोलो, साधी फरशी निकाल के लकडीवाली डालते. तो साध्या फरशीचे पैसे कुठं गेले? वो तो कम होना ना!”

तो वहीत बघू लागला. मग मावशी माझ्याकडं वळल्या. “ध्यानात ठेव पोरी. जे भिंतीच्या आत जातंय, तेवढंच बिल्डरकडून घ्यायचं. भिंतीवरचं नंतर बाजारात मिळतंय, निम्म्यात.” एकेक काम त्या पेन्सिलीनं खोडत गेल्या. आठ खोडली. नववं होतं, जादा विजेचे पॉइंट. तिथं पेन्सिल थांबली.

“तुझं मशीन कुठं बसणार?”

दोन महिने त्या घराची स्वप्नं बघत होते, पण त्यात मी कुठं बसलेली असते, हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. “खिडकीशी,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच लांबून आला.

“तो खिडकी के पास एक पॉइंट. बिना दस्तखत के नौ काम लिखे ना, इसलिए ये फुकट. आणि लिहून, शिक्का मारून.” अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी सेल्समननं नवा कागद केला. त्यावर मी सही केली, वाचून, हळूहळू, अक्षर न् अक्षर.

घराचा ताबा मिळायच्या आधीच मावशी घसरून पडल्या. मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना व्हीलचेअरवरून त्यांनी माझा हात धरला. पुढं फोनवर कधी मला ओळखायच्या, कधी त्यांच्या वीज खात्यातली कुणी समजायच्या.

वास्तुशांतीच्या दिवशी मी व्हिडिओ कॉल लावला. मुलीनं फोन त्यांच्यापुढं धरला. मी बाहेर उभी राहून साधं, प्लायवुडचं दार उघडलं. आत पांढरी फरशी, कोऱ्या भिंती, खिडकीतून आलेलं ऊन. मावशींनी चष्मा वर सरकवला.

“थांब गं,” त्या एकदम म्हणाल्या, “चपला काढते.”

फोनमध्ये काहीतरी खुडबुडलं. दोन चपला जमिनीवर पडल्याचा आवाज आला, एक, मग जरा वेळानं दुसरी. मी दार धरून बाजूला सरले, त्यांना आत यायला वाट दिली.