दारात माणूस

व्हॅनकाकूंचा एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. दारात माणूस दिसल्याशिवाय मूल उतरवायचं नाही. माणूस म्हणजे कोणीही चालायचं. आई, आजोबा, मावशी, शेजारची ताई, अर्ध्या गालाला साबण लावून धावत आलेला बापसुद्धा. पण तो दारात उभा हवा आणि त्याचं तोंड व्हॅनकडे हवं. वरच्या खिडकीतून कोणी नुसता हात हलवला तर काकू सरळ इंजिन बंद करून बसायच्या. "हात कोणाचाही असतो. खाली या, तोंड दाखवा," असं त्यांनी एका मोठ्या साहेबांनाही सुनावलं होतं. साहेब चरफडत खाली आले आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं दारात उभे राहायला लागले.

माणूस दिसला की काकू मागचं सरकतं दार उघडायच्या, मुलाला हाताला धरून उतरवायच्या, दप्तर खांद्यावर चढवायच्या आणि दारातल्या माणसाला म्हणायच्या, "मोजून घ्या हो. अख्खं आहे." हा त्यांचा ठरलेला विनोद. वापरून वापरून पार गुळगुळीत झाला होता, तरी कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा रोज नव्यानं हसायचे. नातवाचे कान, नाक, पुढचे दात चाचपल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "पोचला. एक दात कमी आहे, पण तो घरीच पडलाय."

हल्ली आईबापांना मुलांसाठी वेळच नाही, असं जो तो म्हणतो. म्हणणाऱ्याला स्वतःला वेळ असतो का, ते कोणी विचारत नाही. काकूंना मात्र हे काही पटायचं नाही, कारण त्यांनी दारं पाहिली होती. एक बाई रोज फोन कानाला लावून उभी असायची. फोनवर ती कुणाला तरी झाडत असायची, पण दुसऱ्या हातानं लेकीचं डोकं पोटाशी धरलेलं असायचं. एक बाप रात्रपाळी करून आलेला, डोळे मिटत मिटत भिंतीला टेकून उभा राहायचा. एका घरी तर दोन बहिणी आलटून पालटून एकमेकींच्या मुलांना घ्यायच्या, आणि आज कोणती मावशी आणि कोणती आई यावरून मुलांचाच गोंधळ उडायचा. काकूंचं शास्त्र साधं होतं. शाळेत मूल दिवसभर चाळिसातलं एक असतं. घरी येताना आपली कोणीतरी वाट बघत होतं, एवढं त्याला दिसलं की पुरे. मग आत जाऊन त्याला अभ्यासाला बसवा नाहीतर रागवा.

या सगळ्यात एकच मूल असं होतं, जे बंद दारापाशी उतरायचं. ते काकूंचं स्वतःचं.

काकूंचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. गाडी चालवायला बायकोला त्यानंच शिकवलं, आणि शिकवताना तिच्यावर इतका ओरडला की तिनं हट्टानं त्याच्यापेक्षा चांगली चालवून दाखवली. मग व्हॅन आली, शाळेची मुलं आली, आणि घरात दोन-दोन ड्रायव्हर अन् दाराला कुलूप, असा संसार सुरू झाला.

लेकीचं लाडाचं नाव ठकू. ती पहिलीत गेली तेव्हा साहजिकच आईच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. चार दिवसांत कुरबुर सुरू झाली. काकूंच्या मुलीला पुढची जागा, आमच्या मुलीला मागच्या चाकावरची, धक्के खाणारी, असं एका आईनं तोंडावर बोलून दाखवलं. काकूंना ते झोंबलं. त्या रात्री त्यांनी ठकूला मांडीवर घेऊन समजावलं. "हे बघ, व्हॅनमध्ये मी सगळ्यांची काकू. तिथं मी तुझी आई नाही. तूही मला काकूच म्हणायचं. घरी आलं की मग मी तुझी."

"आणि बसायचं कुठं?" ठकूनं विचारलं.

"चाकावरच्या सीटवर."

सहा वर्षांच्या पोरीनं मान डोलावली. काकूंना वाटलं, दोन दिवस लक्षात ठेवील आणि विसरेल. पण ठकू विसरली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती चाकावर बसली आणि काकू म्हणायला लागली, इतक्या सवयीनं की नवीन मुलांना ती काकूंची मुलगी आहे हे कळायलाच महिना लागायचा. सगळे कौतुक करायचे. पोरीला काय वळण लावलंय, म्हणायचे. काकूही खूश होत्या, एक दिवस सोडला तर.

त्या दिवशी सरकत्या दारात ठकूचं बोट चेमटलं. रक्त आलं, नख काळंनिळं झालं. काकू पुढून धावत मागे आल्या. आणि ठकू त्यांच्या कमरेला मिठी मारून रडली ती "काकू, काकू" म्हणत. इतकं लागलेलं असतानाही तिनं नियम मोडला नाही. काकूंनी बोटाला पट्टी बांधली, उरलेली मुलं पोचवली, घरोघरी विनोदही केला. घरी आल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

आता काकूंचं घर शाळेपासून किती लांब, असं कोणी विचारलं तर हसायला येईल. शाळेच्या मागच्या गल्लीतून निघालं की बागेच्या कडेनं दहा मिनिटांत घर. पण लहानपणी ठकूला एकटीला सोडणार कशी आणि सोडली तरी कुलूप कोण उघडणार? म्हणून ती सगळ्या गावाची वरात फिरून, प्रत्येकाच्या दारातला माणूस बघत बघत, सगळ्यांत शेवटी स्वतःच्या घरी पोचायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग काकू व्हॅन लावायच्या, पर्स उपसून किल्ली शोधायच्या, आणि दोघी अंधाऱ्या खोलीत पाय ठेवून आधी दिव्याचं बटण चाचपायच्या.

अशी सहा वर्षं गेली. ठकू सातवीत आली. आणि एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली मंगळवारी. व्हॅनमध्ये नवीन आलेल्या एका मुलीनं, पोरींना असतात तशा चौकशा करत, ठकूला विचारलं, "ह्या काकू तुझ्या कोण लागतात गं? तू सगळ्यांत शेवटी उतरतेस ना?"

काकूंनी आरशात पाहिलं. ठकू खिडकीबाहेर बघत होती.

"व्हॅनमध्ये कोणी नाही," ती म्हणाली.

उत्तर नियमाला धरूनच होतं. नियम काकूंचाच होता. पण काकूंना ते असं लागलं की पुढच्या वळणावर त्यांचा हात उगाच हॉर्नवर पडला आणि रस्त्याकडेला उभा असलेला एक निरुपद्रवी माणूस दचकला.

दुसरी गोष्ट शनिवारी. काकू व्हॅन पुसत होत्या. ठकू बादली घेऊन आली आणि म्हणाली, "सोमवारपासून येताना मी व्हॅनमधून नाही येणार. चालत येईन."

"का?"

"अशीच. मोठी झालेय मी. मला एक किल्ली दे."

"चालत यायला कोणी मैत्रीण आहे?"

"नाही. एकटी."

"मग काय झालं? कोणी काही बोललं का व्हॅनमध्ये?"

"कोणी काही नाही बोललं. दे ना किल्ली," ठकू म्हणाली आणि टायर धुवायला खाली बसली.  हट्टाच्या बाबतीत ती आईवरच गेली होती.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. पोरीला लाज वाटायला लागलीय. आईच्या व्हॅनची, आईच्या त्या गुळगुळीत विनोदांची. मैत्रिणींच्या आया ऑफिसात जातात आणि आपली आई घरोघरी मुलं वाटत फिरते. वाटणारच लाज. पण त्याहून वाईट विचार त्याच्या मागोमाग आला आणि तो जाईना. व्हॅनमध्ये मी तुझी आई नाही, असं आपणच तिला शिकवलं, आणि आपल्यासोबतचा तिचा बराचसा वेळ तर व्हॅनमध्येच गेला. सगळ्यांची काकू होता होता आपल्या पोरीची आई व्हायचं राहूनच गेलं की काय?

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा धाब्यावर जेवत होता.

"अगं, बारा वर्षांची घोडी झाली ती. दहा मिनिटांचा रस्ता. चालू दे की."

"रस्त्याचं नाही हो. तिला माझ्यासोबत यायचं नाहीये."

"मग बरंय. माझ्यासोबत गाडीत बसायला तूही तयार नसतेस," तो म्हणाला, आणि बायको हसली नाही हे जाणवून आवाज उतरवून म्हणाला, "किल्ली दे तिला. नाही दिलीस तर ती मागायचीच बंद होईल. मग काय करशील?"

माणूस ट्रक चालवतो म्हणून त्याला अक्कल नसते असं थोडंच आहे. काकूंनी सोमवारी सकाळी किल्ली दिली. लाल दोऱ्यात ओवून दिली, रस्ता कुठं ओलांडायचा ते पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि पोरीच्या "हो गं, हो गं" कडे दुर्लक्ष करून आणखी एकदा सांगितलं.

दुपारी शाळा सुटली. मुलं व्हॅनमध्ये चढली. गर्दीत ठकूची पाठ दिसली, मागच्या गल्लीकडे वळणारी, दप्तर एका खांद्यावर. तिनं वळून पाहिलं नाही. काकूंना वाटलं, हाक मारावी. पण कोण म्हणून मारणार?

त्या दिवशीचा फेरा काही संपता संपेना. फोनवाली बाई उभी होती, रात्रपाळीवाला बाप उभा होता, आजोबा तर नेहमीसारखे अर्धा तास आधीपासून. "मोजून घ्या हो," काकू म्हणाल्या आणि पुढचं विसरल्या.

"अख्खा आहे," आजोबांनीच पुरं केलं. मग चाकावरच्या रिकाम्या सीटकडे बघून विचारलं, "आज एक कमी दिसतंय?"

"मोठी झाली. चालत जाते म्हणाली."

"असं का," आजोबा म्हणाले आणि नातवाचं दप्तर स्वतःकडे घेत पुढे बोलले, "पोरं चालत जातात ती घरीच जातात हो बहुतेक." हे म्हाताऱ्यानं धीर द्यायला म्हटलं, पण काकूंना धीर आला नाही.

परत निघाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्यांच्या पोरांसाठी त्यांनी साहेबालासुद्धा जिना उतरायला लावला, आणि स्वतःची पोर मात्र रिकाम्या घराच्या दारात एकटी पाठवली. आणि ते दार काही आजच रिकामं नव्हतं. सहा वर्षं त्या दारात कोणी नव्हतं. आपण सोबत होतो, म्हणून कधी दिसलंच नाही. रिकामी व्हॅन खडखडत होती आणि काकूंचे डोळे सारखे आरशात जात होते.

काकू घराच्या गल्लीत वळल्या आणि त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

घराचं दार सताड उघडं होतं. आतला दिवा लागलेला होता. आणि उंबऱ्यात ठकू उभी होती. गणवेश तसाच, एक वेणी सुटलेली, एक हात चौकटीला. कोपऱ्यावरच्या आजोबांसारखीच, बराच वेळ उभं असल्यावर माणूस जसा एका पायावर भार देतो, तशी.

काकूंनी व्हॅन दारापुढे आणली. इंजिन बंद केलं. त्यांना उतरवेना.

ठकू पायरी उतरून आली. काकूंच्या बाजूचं दार तिनं उघडलं, शेजारची पर्स उचलून स्वतःच्या खांद्याला लावली आणि आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अख्खी आहे," ती म्हणाली.

"हे काय गं?" काकूंनी विचारलं. "तू... कधीपासून उभी आहेस?"

"मगासपासून. चहाचं आधण ठेवलंय, तू आलीस की पावडर टाकायची." मग जरा लाजून, पर्सच्या बंदाशी चाळा करत ती म्हणाली, "सगळ्यांच्या दारात कोणीतरी असतं. आपल्याच नसतं. मी किती दिवस विचार करत होते. आपण दोघी एकदमच आलो तर दारात उभं राहायला उरतं कोण? म्हणून म्हटलं, एकीनं आधी यायला पाहिजे."

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"काहीतरीच तुझं," ठकू म्हणाली.

काकू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. आयुष्यात इतक्या पोरांना त्यांनी इतक्या दारांत पोचवलं, पण आपण कुठं पोचतो आहोत, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता वाटत होतं आणि रडू येत होतं, आणि लेकीसमोर रडायचं नव्हतं, म्हणून त्या उगाच हँडब्रेक पुन्हा ओढून बघत होत्या.

ठकूनं हात पुढे केला. काकू मुलांना उतरवताना धरतात तसा, कोपराच्या जरा वर तिनं आईचा हात धरला.

"उतर ना, आई," ती म्हणाली. "दारात माणूस आहे."