पायाखालचा नारळ

दसऱ्यानंतर आम्ही नवरा-बायको नांदेडहून माहूरला देवीला जातो आणि येताना वाट वाकडी करून सहस्रकुंडाला थांबतो. ती पैनगंगेची ओटी भरते, मी धबधब्याचे फोटो काढतो. जागा ठरलेली, कड्याच्या तोंडाशी पुढे आलेला एक सपाट काळा खडक. पाणी सलग पांढरं दिसावं म्हणून मी शटर बराच वेळ उघडं ठेवतो. अशा फोटोत पाणी पसरतं, दगड ठळक यायला हवा. माझ्या फोटोत समोरचा कडासुद्धा पुसट येई. मी कॅमेऱ्याच्या स्टँडला शिव्या घालून नवा घेतला, तर बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

यंदाही पुसटच. माझं डोकं फिरलं होतं. ती त्याच खडकावर मागे बसून हळद-कुंकू वाहत होती आणि मी तिला नदी धबधबा कसा घडवते ते शिकवत होतो. वरचा काळा दगड कडक, खालचा तांबडा थर मऊ. पाणी मऊ थर कोरत आत शिरतं, वरचा दगड अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. धबधबा तेवढा मागे सरकतो.

तिनं नारळ पाण्यात सोडला. तो गिरकी घेऊन खडकाशी आला आणि खाली ओढला गेला. पुढून निघेल म्हणून आम्ही वाट पाहिली. निघाला नाही.

मग टक. थोडं थांबून पुन्हा टक. कुणी आतून दार वाजवावं तसं, कानापेक्षा तळपायाला जास्त जाणवणारं.

"अहो, खाली कोन हाय?"

स्टँडचे पाय बारीक थरथरत होते. मी कॅमेरा स्टँडसकट उचलला.

"ऊठ. हळू चल, पळू नको."

"अन् ताट?"

"राहू दे."

काठावर आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मला तर दरसाली लागतंय ते थरथरणं पायाला. देवीच हाय खाली. म्हणून तर हितंच ओटी भरते मी."

काठावरून काढलेला फोटो पहिल्यांदाच ठळक आला. भाकरीसारखा पातळ खडक, खाली काळी पोकळी, वर पूजेचं ताट.

परवा तिनं नवा नारळ आणून देव्हाऱ्यात ठेवला. "वाट बघून राहिली असंल ती," म्हणाली.

मी गाडीची किल्ली लपवून ठेवली आहे.