माकडाच्या काळजाचा डॉक्टर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर दोघं-तिघं उभे राहतात, एकजण म्हणतो, "त्या दिवशी काय झालं, आठवतंय का?" आणि मग घरी जायची कुणाला आठवण राहत नाही. आता मी तिथे रिक्षा लावतो तेव्हा सगळे आधी गप्प होतात. मग मीच म्हणतो, सांगा की! दादाचेच सांगा!

माझा दादा सोलापुरात झूलॉजीत पीएचडी करत होता. मी आठवीतच शाळा सोडली. त्याचा विषय मला पाठ होता, कारण तो चारचौघांत बोलता येत नव्हता. लहान माकडवर्गी प्राण्यांच्या नरांची जननेंद्रियं. कुणाचं केवढं, कुणाचं कसं, आणि तसंच का, हे एकमेकांशी ताडून बघायचं.

घरी हे सांगणार कोण? आमचे आबा सांगोल्याकडे मेंढरं राखतात. दादा एवढंच म्हणाला, "आबा, माकडांच्या अवयवांचा अभ्यास हाय."

"आतल्या का भायरच्या?"

दादा गडबडला. "दोनी."

आबांनी पारावर जाऊन सांगून टाकलं, "माझा थोरला माकडाच्या काळजाचा डॉक्टर होतोय!"

तेव्हापासून गावात कुणाच्या छातीत कळ आली की दादाला फोन!

*

लॅबमध्ये जुन्या बरण्या होत्या. लोरिस नावाचं मोठ्या डोळ्यांचं, तळहातापेक्षा थोडंसंच मोठं जनावर, औषधात बुडवून ठेवलेलं. एकदा कॉलेज तपासायला बाहेरून कमिटी येणार होती. लॅब सांभाळणाऱ्या नसीरचाचांनी सकाळी सगळ्या बरण्यांना खालच्या अर्ध्या भागात वर्तमानपत्र गुंडाळलं.

दादाच्या गाईड मॅडम आल्या आणि बघतच राहिल्या. "नसीरभाई, हे काय?"

"मेहमान आ रै ना मॅडम. लुंग्या पिनाया मैं इनकू!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काढा. ते नागडे आहेत म्हणून तर आपली लॅब चाललीय."

*

यातल्या काही प्राण्यांना त्या जागी एक बारीकसं हाड असतं. माणसाला नसतं. हे दादानं सांगितलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन हसलो होतो. ते हाड बघायचं तर एक्स-रे पाहिजे, बरणीतलं जनावर कापायची परवानगी नव्हती. सात रस्त्याजवळ ओळखीचे एक दातांचे डॉक्टर तयार झाले. लोरिसला पिशवीत घालून आम्ही रिक्षातून निघालो. प्रत्येक खड्ड्याला दादा ओरडायचा, "बाळ्या, हळू! पेशंट हाय!"

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"लोरिस."

"वय?"

दादा खरंच विचारात पडला. "बाटलीतलं धरायचं का भायरचं?"

बाईंनी पिशवीत डोकावलं आणि त्या चहाला म्हणून बाहेर गेल्या. आम्ही निघेपर्यंत काही परत आल्या नाहीत!

*

एकदा दादानं मला दोन फोटो दाखवले. आफ्रिकेतले प्राणी. तोंड तेच, केस तेच, डोळे तेच. "सांग, एकच जात हाय का दोन?"

"एकच की."

"दोन. वरनं काय कळत न्हाय. त्या अवयवाचा आकार बघितला की कळतंय."

मी म्हणालो, "म्हणजे त्यांचं आधार कार्डच की ते!"

दादा हेच वाक्य पुण्याच्या सेमिनारमध्ये बोलून आला. सगळा हॉल हसला म्हणे. टाळ्या त्याला, डोकं माझं! त्यावरून मी आठवडाभर त्याच्याशी भांडलो. आता वाटतं, घे बाबा, सगळी वाक्यं घे.

*

मुलगी बघायला बार्शीला गेलो होतो. मुलीच्या मामांनी विचारलं, "संशोधन नेमकं कशावर?"

दादाला खोटं बोलता येत नसे. त्यानं तोंड उघडलं, शेजारी बसलेल्या आबांकडे बघितलं आणि मिटलं. मीच ओरडलो, "पर्यावरणावर!"

मामा खूश. "मग आमच्या शाळेत झाडं लावायला या की!"

स्थळ जमलं नाही. पण दादा पावसाळ्यात खरंच वीस-पंचवीस रोपं घेऊन गेला आणि लावून आला!

*

सांगोल्याच्या बाजारात आबा कळपासाठी एडका घेत होते. दादा आणि मी सोबत. आबांनी एडक्याच्या मागे बसून खाली हात घातला आणि दोन्ही अंडी चाचपून बघितली. दोन्ही सारखी आहेत का, घट्ट आहेत का. दादा चोरून चोरून बघत होता.

आबा म्हणाले, "लाजतूस काय? तोंड बघून सोयरीक करत्यात, एडका न्हाय!"

आजूबाजूचे सगळे हसले. दादा हसला नाही. परत येताना टेम्पोत मला म्हणाला, "बाळ्या, आबांना सांगायचं. थिसिस हातात आला की मीच सांगणार. दुसरं कुणी न्हाय सांगायचं."

मी म्हणालो, "बरं."

थिसिस व्हायचाच होता. टेंभुर्णीजवळ ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला मागून धडक दिली. हा किस्सा नाही, मला माहीत आहे. पण हे न सांगता पुढचा सांगता येत नाही.

*

तेराव्यानंतर मॅडम आणि नसीरचाचा गावी आले. घरच्या बायका आत, आबा, चुलते आणि आम्ही बाकीचे ओट्यावर. मग आबांनी विचारलं, "बाई, माजं प्वार नेमकं करत काय हुतं?"

मी घाईनं म्हणालो, "आबा, ते आपलं..."

"तू गप."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी सांगितलं. सरळ, शब्द न बदलता, जसं वर्गात सांगत असतील तसं. नसीरचाचा जमिनीकडे बघत होते. चुलत्यांनी तोंड फिरवलं.

आबा कितीतरी वेळ हातातली काठी फिरवत राहिले.

"मला का न्हाय बोलला?"

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते मॅडमकडे वळले.

"बाई, बारक्या जनावराचं अंगाच्या मानानं मोठं आन् मोठ्याचं बारकं, असं बी असतंय का वो?"

"असतं," मॅडम म्हणाल्या. "ते का असतं, तेच तो शोधत होता."

आबा उठले. आतून घोंगडं आणलं, ओट्यावर पसरलं, हातानं झटकलं.

"मग हितं बसा. पयल्यापास्नं सांगा."