रापणीचा दोर

मालवणच्या किनाऱ्यावर ती मला रोज सकाळी दिसायची. पोहून आली की ओल्या अंगानंच सायकलवर बसायची आणि परतल्यावर सायकल माडाला टेकवून तशीच धावत सुटायची. हे तिन्ही एका दमात करायच्या शर्यतीत पहिल्या वर्षी ती शेवटून दुसरी आली होती, गेल्या वर्षी पाचवी. यंदा पहिलंच यायचं होतं. शर्यत तोंडावर आली आणि शेवाळलेल्या खडकावरून घसरून तिचा घोटा मोडला.

पुढं ती दिसली ती प्लास्टर घालून वाळूत बसलेली. माणसं रापणीचं जाळं किनाऱ्याकडे ओढत होती. त्या दोराला जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा, ही इथली रीत. ओढून आलेला दोर ती बसल्या बसल्या गुंडाळत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगदी ऐन वेळी झालं गं. फार वाईट वाटलं."

"पाय मोडलो हा, हात नाय," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे बघून हसली. "तुमचे दोनय बरे आसत मां? मगे बघतास काय? धरा दोर."

वाटे पडले तेव्हा माझ्या तळहातांना फोड आले होते, आणि पुढच्या शर्यतीत आपण पहिली कशी येणार, ते ती मला समजावून सांगत होती.