मीठ बरोबर आहे

गल्लीत त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो दिवसभर लोकांचे दात करायचा. भुवयांवर प्लास्टरची भुकटी, नखांत मेण. त्याच्या हातच्या कवळ्या लावून म्हातारी माणसं कडक पाव चावत, शेंगदाणे फोडत, जावयांना नावं ठेवत. आणि त्याची सख्खी आई मात्र बोळक्या तोंडानं दुधात पाव कालवून गिळत होती.

याचा त्याला भयंकर संताप यायचा. आईला त्यानं तीनदा कवळी करून दिली. दर वेळी विचारावं तर म्हणे, "छान बसते रे." छान बसते, मग पाण्याच्या वाटीत का पडून असते? कुठे टोचत असेल म्हणून त्यानं कडा घासल्या, हिरड्यांचं माप नव्यानं घेतलं. फरक शून्य. दारात कोणी आलं की ती झटकन कवळी चढवायची, "लेकानं केलीय" म्हणून मिरवायची, आणि पाहुणा वळला की कवळी पुन्हा वाटीत. अंगावरचे कपडे तिला ढगळ व्हायला लागले होते. नीट चावून जेवल्या नाहीत तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानं सांगून सांगून दाताच्या कण्या केल्या. घरात अस्सल दात त्याचेच, त्यामुळे कण्याही त्याच्याच.

एका दुपारी वीज गेली, काम अडलं, म्हणून तो लवकर घरी आला. आई शेगडीपाशी उभी होती आणि चक्क कवळी लावून होती. त्याला बरं वाटतंय तोवर तिनं ती काढून ओट्यावर ठेवली, आणि भाजीचा रस्सा तळहातावर घेतला.

"का काढलीस?" तो दारातूनच कडाडला.

ती दचकली. रस्सा सांडला. "मीठ बघत होते. वरची कवळी टाळू झाकते. चवच कळत नाही."

"मग सांगायचं नाही मला?"

"एवढा खपून केलीस. वाईट वाटलं असतं तुला."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळूला घट्ट धरते म्हणूनच तर कवळी पडत नाही. तेवढ्यासाठीच तो रात्रंदिवस झटला होता.

"बरं, स्वयंपाक करताना काढ. पण जेवताना?"

"जेवतानाच तर कळतं कसं झालंय ते. तुझ्याकडून कधी कळलंय? इतकी वर्षं डबा नेतोस. चांगलं झालं म्हणाला नाहीस, बिघडलं म्हणाला नाहीस. मग माझ्या जिभेशिवाय विचारू कोणाला?"

आईनं मिठाचा भरलेला चमचा तणतणत बरणीत परत उलटा केला, शेगडी विझवली आणि त्याचं ताट वाढलं. मग समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यानं पहिला घास घेतला.

"मीठ बरोबर आहे," तो म्हणाला, अजून घुश्शातच. "मस्त झालीय."

"खरंच?"

"खरंच. आता लाव ती."

तिनं कवळी धुऊन लावली. पावाचा कडक काठ मोडला, भाजीत बुडवला आणि चावू लागली. कितीतरी दिवसांनी घरात तिच्या चावण्याचा आवाज झाला.

भाजी पार अळणी होती. त्यानं आणखी वाढून घेतली.