समास सोडून पाडलेलं भोक

बाबा बालाघाटच्या कोर्टात रेकॉर्ड सांभाळायचे. कागदांना दाभणाने भोक पाडायचं, त्यातून टॅग ओवायचा, यातच त्यांची नोकरी सरली. घरी जुन्या इंग्रजी शब्दकोशातून ते मला रोज एक शब्द द्यायचे. ‘ट्रान्सफिक्स’ देताना त्यांनी दाभणाने माझ्या वहीची दहा पानं एकदम आरपार टोचली.

“लॅटिनातला आहे. ट्रान्स म्हणजे आरपार, पुढचं म्हणजे घट्ट रोवणं. पह्यले भाला आरपार जाये. मंग लोकाइच्या ध्यानात आलं, भेवानं नाही तं नवलानं मानूस तसाच खिळते, रगत न निंघता.” मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, “पन भोक समासातच पाडायचं. अक्षराले लागलं तं कागद मेला.”

मी नवलाचा धंदा उचलला. लग्नघरात, बसस्टँडवर, तेरवीच्या पंगतीतसुद्धा गोष्टी सांगून माणसं खिळवतो. खिळले नाहीत ते फक्त बाबा. माझी गोष्ट रंगात आली की ते चपला शोधायला उठायचे.

यंदा त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “बातें करते रहिए. समझ रहे हैं या नहीं, आँखों से पता चलेगा.” आठवडाभर डोळे छताला लागलेले. आई माझ्याकडे बघायची, मी पंख्याकडे.

परवा दुपारी मी वैनगंगेत वाहून गेलेल्या नवरदेवाच्या बुटाची गोष्ट काढली. नवरदेव झालो, नावाडी झालो, बूटही झालो. आणि बाबांची नजर खाली उतरली. माझ्यावर थांबली. पापणी हलेना.

“आई, पाह्य. ऐकून राह्यले.”

आईने वाकून त्यांच्या नजरेचा माग काढला. “तुह्यं नाही ऐकून राह्यले. तुह्या हातातलं पाह्य.”

हातात दवाखान्याच्या कागदांची चळत होती. बूट म्हणून मी तीच नाचवत होतो. सकाळी घाईत मीच ओवली होती, आणि भोक बरोबर बाबांच्या नावातून गेलं होतं.

मी टॅग काढला. नावाच्या मागून चिकटपट्टी लावली, समासात नवं भोक पाडलं, टॅग पुन्हा ओवला आणि चळत त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी ती नीट पाहिली. मग डोळे परत छताला गेले.

म्हणजे बाबा आत आहेत. माझ्यासाठी नाहीत, एवढंच.

“थांबला काहून?” आई म्हणाली. “बुटाचं काय झालं, सांग नं.”

मी कागद बाबांना दिसतील असे धरून ठेवले आणि बूट पुन्हा पाण्यात सोडला.