किंदळाखालचा खड्डा

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. जन्मली ती गेलेलीच. पावसाळ्याचे दिवस होते. इतक्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पण पेडण्यातल्या आमच्या गावात हातभर खणलं की जांभा लागतो. बाबा कुदळ घेऊन गावामागच्या जुन्या रानात गेले. तिथे वाऱ्याने किंदळाचं एक थोराड झाड मुळांसकट उलथलं होतं. मुळांनी दगडमातीचा अख्खा थर उचलून भिंतीसारखा उभा केला होता आणि खाली खड्डा पडला होता. आत मऊ, मोकळी माती. बाबांना फारसं खणावं लागलं नाही.

हे मला बाबांनी सांगितलं. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. दर वर्षी पाऊस सरला की मला घेऊन तिथे जायची, एवढंच. मी मोठी होईपर्यंत खोड कुजून गेलं, मुळांत अडकलेली माती ढासळून तिचा उंचवटा झाला आणि खड्डा पानांनी भरत आला. त्या रानातली सगळी जमीनच तशी, उंचसखल. "प्रत्येक उंचवटा म्हणजे कधीतरी पडलेलं एक झाड," बाबा म्हणायचे. आईला मात्र तिचा खड्डा कधी शोधावा लागला नाही. ती काठावर बसायची, आतला काळा पालापाचोळा हाताने सारखा करायची आणि आम्ही परत यायचो.

बाबा गेले. मी तुयेच्या कारखान्यात कामाला लागले. गेल्या वर्षी त्या रानाच्या मालकाने ते प्लॉटसाठी विकलं. मला वाटलं, झाडं गेली तरी जमीन कुठे जाते? एका रविवारी आईला स्कूटरवर बसवून नेलं.

जेसीबीने उंचवटे खरवडून खड्ड्यांत लोटले होते. वरून रोलर फिरवला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल, सपाट जमीन.

आई उन्हात चालत राहिली. थांबायची, पायाने माती चाचपायची, पुन्हा पुढे जायची.

"खंय गो होतो तो खड्डो?" तिने विचारलं.

मी अंदाजाने हात केला. "इथेच असेल, आई."

"तुका ठावक नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

घरी येऊन ती जनेल उघडून बाहेर बघत बसली. मी चहा आणून दिला. तो तिने तसाच बाजूला ठेवला.

"केस खूप होते तिका," ती अचानक म्हणाली. "काळेभोर."

मी तिच्याजवळ बसले. "आणखी सांग."

आईने मान हलवली.

"इतक्याच बघलंय," ती म्हणाली. "मगे तुझ्या बाबांनी नेल्यानी."